बोटीवरची सावली

सिलोनला जाऊन आलो असं सांगितलं की अमरावतीत भेटेल तो आधी बोधिवृक्षाचं विचारतो आणि मग समुद्र लागला का ते विचारतो. बोधिवृक्षाबद्दल मी एका सभेत तासभर बोललो आहे, आणि समुद्र मला सडकून लागला होता. म्हणजे दोन्ही प्रश्नांची उत्तरं देऊन झाली. पण बोटीवर दिवसभर बसायचं कुठे, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही. आमचा अर्धा प्रवास त्या एका प्रश्नापायी गेला, म्हणून जे अजून गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बोटीवर जेवायला मिळतं, गोडं पाणी मिळतं, निजायला पलंग मिळतो. सावली मात्र ज्याची त्याने बघायची असते.

अमरावती

आम्ही दोघंच निघालो होतो, मी आणि माझी माय. मी इथल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. माय आमच्या तिवस्याकडच्या गावाहून माझ्याकडे राहायला आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. पुढे एकदा गयेलाही जाऊन आलो. पण एका भन्तेंनी प्रवचनात सांगितलं की गयेच्या मूळ झाडाची फांदी सिलोनला नेऊन लावली होती आणि तिचं झाड अजून जिवंत आहे. तेव्हापासून मायने वैशाखी पौर्णिमेला तिथे जायचं धरून ठेवलं. ती हट्ट करत नाही. भाकरी थापता थापता नुसतं विचारते, "त्या झाडाचं काय झालं मंग?" असं दोन वर्षं विचारल्यावर मी पासपोर्टाचा अर्ज केला.

मला काळजी होती ती एकाच गोष्टीची. आदल्या वैशाखात मायला ऊन लागलं होतं. मावशीच्या गावाहून भर दुपारी चालत आली आणि दारातच पडली. आठवडाभर अंथरुणाला खिळून होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यांना पुन्हा असं ऊन लागता कामा नये, या वयात दुसऱ्यांदा निभावेलच असं नाही. आणि मी तिला घेऊन निघालो होतो तो नेमका वैशाखात. पौर्णिमाच वैशाखातली, त्याला मी तरी काय करणार.

मायने स्वतःची तजवीज केली होती. आमच्याकडे उन्हात निघताना कांदा जवळ ठेवतात, म्हणजे ऊन बाधत नाही. तिने चांगली पिशवीभर कांदे घेतले. ज्वारीच्या दशम्या, ठेचा, जवसाची चटणी आणि सातूचं पीठ वेगळंच. "तिकडं खायाले भेटते वं माय, बोटीवर हॉटेलावानी असते," असं मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "भेटू दे की. हे काय जड जाते तुले?"

मुंबईचा धक्का

बडनेऱ्याहून गाडीने मुंबई गाठली, त्यात सांगण्याजोगं काही घडलं नाही. धक्क्यावर कस्टमच्या साहेबाने पिशवीत हात घालून कांदा बाहेर काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी भूगोल शिकवतो वगैरे सांगू लागलो. मायने पुढे होऊन त्याला सरळ सांगितलं, "ऊन लागू नाई म्हनून हाये जी. तुमाले पाह्यजे असन त ठेवा एक." साहेब मुंबईच्या मे महिन्यात कोट घालून उभा होता. त्याने कांदा परत पिशवीत ठेवला, पण एकदा हसला.

बोट पांढरीशुभ्र आणि नवी कोरी होती. खालून पाहताना मान मागे टाकावी लागे. वरच्या वर्गाची केबिन वर होती, आमची पार खाली. खिडकी नाही, शेजारी इंजिनाची घरघर, आणि छताच्या एका भोकातून हवा यायची तीही कढत. माय पलंगावर बसली, भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "हे त कापसाच्या जिनिंगच्या बाजूची खोली झाली." बैठकीची एक मोठी खोलीही होती. तिथे सिगारेटचा धूर आणि दिवसभर पियानो. दोन मिनिटांत मायचा जीव घुसमटायला लागला. म्हणजे झोपेपुरतं खाली आणि बाकी सगळा दिवस डेकवर, हे पहिल्याच संध्याकाळी ठरून गेलं.

समुद्रावरचा पहिला दिवस

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आमचा डेक कसा होता ते सांगतो. बोटीच्या दोन्ही अंगांना लाकडी फळ्यांची लांबच लांब ओसरी. एका बाजूला केबिनांची भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि कठड्यापलीकडे पाणी. मागच्या टोकाला दोन्ही ओसऱ्या एका मोकळ्या अंगणात मिळतात. त्या अंगणावर कॅनव्हासचं छत होतं. पण तिथेच दोरीच्या कड्या फेकण्याचा खेळ चालायचा आणि तिथेच गाण्यांचा भोंगा टांगलेला होता. सकाळी न्याहारीपासून तो जो सुरू व्हायचा तो चहापर्यंत थांबायचा नाही. आमच्या डोक्यावर वरच्या वर्गाचा डेक होता. तो आमच्या तिप्पट, त्यावर सबंध छत, आणि पाहावं तेव्हा त्यावर दोन म्हातारे साहेब आणि एक कुत्रं. मध्ये जिन्याला साखळी होती.

म्हणजे आमच्या वाट्याला काय आलं, तर सावली होती तिथे गोंगाट आणि निवांत होतं तिथे ऊन. दोन्ही एकत्र मिळायची जागा एकच, भिंतीलगतची पट्टी. तिथे कापडी आरामखुर्च्यांची रांग होती.

इथे माझा भूगोल कामी आला असं मला वाटलं. बोट दक्षिणेकडे जाणार, म्हणजे डावी बाजू पूर्वेची आणि उजवी पश्चिमेची. आपल्याकडे घराची सावली सकाळी पश्चिमेला पडते आणि दुपार कलली की पूर्वेला. तेव्हा सकाळी उजव्या ओसरीत बसावं आणि दुपारी डाव्या. हे मी न्याहारीला शेजारच्या टेबलावर समजावूनही सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, आणि मी डाव्या ओसरीत पोचलो तेव्हा ती सगळी मंडळी माझ्या आधी तिथे टॉवेल टाकून गेली होती.

बोटीवरचा हा रिवाज आहे. खुर्ची कोणाच्याही मालकीची नाही, पण सकाळी उठून तिच्यावर टॉवेल, पुस्तक, निदान चष्म्याचं घर तरी ठेवायचं आणि मग दिवसभर कुठेही हिंडायचं. खुर्ची तुमची. मीही मागे राहिलो नाही. रांगेच्या शेवटी एक रिकामी दिसली, तिच्यावर मायची वाकळ अंथरली आणि तिला बोलवायला गेलो.

माय आली. रांगेवरून एक नजर फिरवली. जवळजवळ सगळ्या खुर्च्या रिकाम्याच होत्या.

"हे खुर्च्या कोनाच्या?"

"ज्याचे टॉवेल हायेत त्याच्या."

"थे लोकं कुठी गेले?"

"खाली असतीन. खेळत असतीन."

"म्हंजे मानूस खाली, आन सावलीत टॉवेल बसून राह्यला."

"रिवाजच हाये तसा. तुही खुर्ची बी पाय, धरून ठेवली मी."

तिने वाकळ उचलली, घडी केली, काखेत मारली आणि चालायला लागली. उजव्या ओसरीच्या पुढच्या टोकाला, जीवरक्षक होड्या टांगल्या होत्या तिथे, कठड्याला लागून एक लाकडी बाक होता. फळ्यांना ठोकलेला, हलवता न येणारा. सकाळी थोडा वेळ तिथे सावली असायची, मग दिवसभर ऊन. तिथे कोणी फिरकत नसे. भोंग्याचा आवाजही पोचत नसे, फक्त पाणी कापल्याचा आवाज. माय तिथे पदर डोक्यावरून पुढे ओढून बसली.

आता मायचं हे काय आहे ते सांगायला हवं. मी तान्हा होतो तेव्हाची गोष्ट. माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जायची. दुपारच्या भाकरीला वावरातल्या निंबाखाली मालकाच्या घरचे बसत, जरा पलीकडे बाकीचे मजूर, आणि आम्ही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उन्हात. एका दिवशी झाडाखाली कोणी नव्हतं. मी रडत होतो म्हणून ती मला पाजायला सावलीत बसली. तेवढ्यात मालकाच्या घरचं कोणी आलं आणि म्हणालं, "ऊठ वं, तिकडं बस." शिवी नाही, हात उगारला नाही. ती उठली आणि मला घेऊन धुऱ्यावर जाऊन बसली. पण त्या दिवसापासून तिने स्वतःशी एक ठरवून टाकलं, आणि मला कळायला लागल्यापासून ते मी ऐकत आलो आहे: "ज्या सावलीतून कोनी मले उठवन, थ्या सावलीत मी बसत नाई." आमच्या घरी निंबाच्या सावलीत ती खुशाल पसरते. दुसरीकडे कुठेही ती उभीच असते, नाहीतर उन्हात.

अमरावतीत हे निभून जातं. अमरावतीत दुपारी कोणी घराबाहेरच पडत नाही. इथे मला धडधडीत दिसत होतं की ही आपल्या नियमापायी दुसरं दुखणं ओढवून घेणार. "टॉवेलवाला आला तर मी त्याच्याशी बोलीन," असं म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "थ्याच्यासंगं बोला लागन असं ठिकान मले पाह्यजेच काहून?"  तिने पिशवीतून एक कांदा काढून माझ्या सदऱ्याच्या खिशात घातला. जेवणाच्या वेळी तो तिथेच राहिला, आणि गोव्याकडचा वाढपी सूप वाढताना माझ्या खिशाकडे पाहत राहिला. सूप मायला आवडलं नाही. "भाजीचं पानी आलं, भाजी कवा येते?" म्हणाली. तळलेले मासे मात्र तिने मागून घेतले.

अनसूयाबाई

दुसऱ्या दिवशी मी बाकावर मायशेजारी बसलो होतो. तोंडावर ओला पंचा घेऊन, कारण समुद्र लागला होता. एक बाई ओसरीतून आधार घेत घेत आल्या. अंगावर नऊवारी, हातात पितळेचा लोटा. आमचं बोलणं कानावर पडल्यावर जागच्या जागी थांबल्या.

"तुमी वऱ्हाडातल्या का वं बाई?"

माय म्हणाली, "व्हय. अन् तुमी?"

"मी अकोल्याकडची. दोन दिवस झाले, आपली बोली आयकली नाई. जावई हाये संगं, पन थो त पत्ते कुटून राह्यला खाली."

त्यांचं नाव अनसूयाबाई. घरची काळ्या मातीची शेती, दाराशी बैलं. मुलगी कोलंबोला, जावई तिथल्या कापसाच्या गिरणीत. मुलगी बाळंत होणार म्हणून जावई त्यांना न्यायला आला होता. ही सगळी माहिती त्यांनी उभ्याउभ्याच दिली. वऱ्हाडी माणूस परक्या ठिकाणी भेटला की आधी सगळं सांगून टाकतो आणि मग बसायचं पाहतो. मला ऐकताना फार बरं वाटलं. मळमळही जरा कमी झाली.

मग त्या मायला म्हणाल्या, "उन्हात काहून बसल्या पन? या नं तिकडं, माही खुर्ची हाये सावलीत. बाजूले अजून एक भेटते."

"मी बरी हाये इथीच," माय म्हणाली.

"कोन्या गावच्या तुमी?"

मायने गाव सांगितलं.

"तिथं माही चुलतनणंद होती दिलेली. कोनाच्या घरच्या?"

हा प्रश्न येणार हे मला पहिल्या वाक्यापासून ठाऊक होतं. आपल्याकडे गाव विचारलं की घर विचारतात, आणि घर कळलं की बाकीचं विचारावं लागत नाही. मायने पदर सारखा केला आणि म्हणाली, "आमी बौद्ध हाओत."

अनसूयाबाईंनी लोटा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. वाईट तोंड केलं नाही.  "बरं," म्हणाल्या, आणि जशा आल्या होत्या तशा आधार घेत परत गेल्या.

माय माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई बोलाले चांगली हाये."

त्या दुपारी मायला चक्कर आली. बाकावरून उठायला गेली आणि कठडा धरून खालीच बसली. चेहरा लाल, हात गरम. मी घाबरून गेलो. तिच्या डोक्यावर पाणी थोपटलं, सातूचं पीठ पाण्यात कालवून पाजलं, आणि तिला खाली त्या कढत केबिनमध्ये नेऊन निजवलं. बोटीवरचा डॉक्टर येऊन पाहून गेला. तोही तेच म्हणाला, मोकळी हवा आणि सावली. मला रडू येईल असं वाटत होतं. एवढी मोठी बोट, शेकडो माणसं, आणि माझ्या मायला बसायला हातभर सावली नाही. होती, पण ती घेणार नाही. मला टॉवेलवाल्यांचा राग येत होता, त्या निंबाच्या मालकाचा येत होता, आणि खरं सांगायचं तर मायचाही येत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी माय उठून बसली होती. मी पाणी आणायला डेकवर गेलो तर उजव्या ओसरीत अनसूयाबाई दिसल्या. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचं एक जुनेर घडी घालून ठेवलं होतं. मला म्हणाल्या, "तुमच्या मायले चक्कर आल्ती म्हने. हे खुर्ची धरून ठेवली मी तिच्यासाठी. पाठवा तिले."

मी धावतच खाली गेलो. आता तर काही अडचणच नव्हती. बाईंनी सगळं कळूनसुद्धा स्वतःहून बोलावलं होतं. मायने शांतपणे ऐकलं आणि नाही म्हणाली.

"आता काय झालं?" मी चिडलोच. "थ्या चांगल्या मनानं बलावून राह्यल्या."

"चांगल्याच हायेत. मी कुठी वाईट म्हन्तलं?" माय म्हणाली. "पन जिनं बसवलं, तिच्याच हाती उठवनं बी आलं. नाई उठवनार थे, मालूम हाये मले. पन उठवू शकते नं? मी बाकावरच जाते. पदर ओला करून घेते."

आणि गेली. मी अनसूयाबाईंना जाऊन "तिला जरा वाऱ्यावर बरं वाटतं" असं काहीतरी बोललो. त्यांनी जुनेर उचलून मांडीवर घेतलं.

कोचीन

दुपार कलली तसा किनारा जवळ आला. माडांची गर्दी, पाण्यावर पसरलेली मोठमोठी कोळ्यांची जाळी, आणि आमच्या वऱ्हाडात कधी डोळ्यांनी पाहायला मिळत नाही असा हिरवा रंग. आमच्याकडे त्या महिन्यात जमीन काळी आणि भेगाळलेली असते. मायने कठड्यावरून हात पुढे करून विचारलं, "इथी उन्हाया नसते का?"

मी नकाशा उघडून उत्तर देणार तेवढ्यात दोन ठेंगण्या बोटी आल्या आणि आमच्या एवढ्या मोठ्या बोटीला दोन्हीकडून ढकलायला लागल्या. बंदरात आत शिरून धक्क्याला लागताना तिचं तोंड हळूहळू फिरत फिरत पार उलट झालं. दक्षिणेला निघालेली बोट उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली. मी मजेत पाहत होतो. घर असं कधी फिरत नाही, त्यामुळे फिरल्यावर काय होतं ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

डाव्या ओसरीत एकदम गलका झाला. तिथे आता पश्चिम आली होती. भिंतीलगतच्या सगळ्या खुर्च्यांवर, सगळ्या टॉवेलांवर, पुस्तकांवर आणि चष्म्यांच्या घरांवर सरळ ऊन पडलं होतं. झोपलेली मंडळी कपाळावर हात घेऊन उठली. कोणी खुर्च्या ओढू लागलं, कोणी खलाशांना हाका मारू लागलं. ज्या शेजाऱ्यांना मी न्याहारीला सावलीचं गणित समजावलं होतं त्यांतल्या एकाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बोट मीच फिरवली होती.

मी उजव्या ओसरीत आलो. सावली भिंतीपासून निघून फळ्या ओलांडून थेट कठड्यापर्यंत गेली होती. बाक सावलीत होता. माय बाकावर होती. ती जागची हललीसुद्धा नव्हती. तिने फक्त डोक्यावरचा ओला पदर खाली घेतला होता आणि माडांकडे पाहत बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

लोक खुर्च्या घेऊन इकडे येईपर्यंत अनसूयाबाई आधी आल्या. खुर्ची काही त्यांना ओढवली नव्हती, हातात फक्त लोटा होता. सावलीच्या कडेला, उन्हातच थांबल्या. मी उठून जागा करणार होतो, पण मायने माझ्याकडे पाहून असे डोळे केले की मी बसूनच राहिलो. अनसूयाबाई मायकडे पाहत होत्या. कपाळावर घाम, श्वास लागलेला.

"बसू का जी?" त्यांनी विचारलं.

माय जरा सरकली. "पुसता काय? बसा."

त्या बसल्या. मग दोघी बोलायला लागल्या आणि मला त्यांनी हिशेबातच धरलं नाही. बोटीवरचा चहा कसा पांचट, मुंबईच्या बायका कशा भराभर बोलतात, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, लावणी यंदा कधी होईल, पहिलटकरणीला काय द्यावं. मायने चार लेकरं जन्माला घातलेली, त्यामुळे त्या शेवटच्या विषयात तिने बराच वेळ घेतला. दशम्यांचा डबा मात्र तिने काढला नाही. घरचं खाणं पुढे करून समोरच्याची परीक्षा घ्यायची सवय तिला नाही. उजव्या ओसरीत तोवर खुर्च्यांची दाटी झाली होती आणि जागेवरून दोन भांडणंही झाली. बाकावर त्याचं काही नव्हतं.

अनसूयाबाई दिवेलागणीपर्यंत तिथे बसून होत्या. जाताना म्हणाल्या, "उद्या माह्याकडं."

कोचीननंतर

बोट पुन्हा दक्षिणेला लागली आणि सगळं होतं तसं झालं. सकाळी उजवीकडे टॉवेल, दुपारी डावीकडे टॉवेल. मी आता गणित कोणाला सांगत नव्हतो. जेवणं झाली तशी उजव्या बाजूला ऊन आलं. बाक तापला. मी पंचा ओला करून आणला, कारण माय काय म्हणणार ते मला ठाऊक होतं.

मायने पंचा घेतला नाही. वाकळ काखेत मारली, पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "मी अनसूयाबाईकडं जाऊन राह्यली."

मी तिच्या मागोमाग निघालो. राहवलं नाही म्हणून विचारलं, "काल सकायी त नाई म्हने तू. आज काहून?"

"काल थे मले सावली देऊन राह्यली होती," माय चालता चालता म्हणाली. "आता आमचं येनंजानं झालं. थे आली माह्या इथी, आता मी तिच्या इथी जाते. थ्यात काय हाये?"

असं म्हणून तिने मला मागेच सोडलं. मी ओसरीच्या कोपऱ्यावर थांबलो. त्या डाव्या ओसरीत ती नेहमी घाईने, कडेकडेने चालायची. आज ती मधून चालत गेली. अनसूयाबाईंनी शेजारच्या खुर्चीवरचं जुनेर उचललं, मायने आपली वाकळ तिथे अंथरली आणि टेकली. दोघी पुन्हा बोलायला लागल्या. मला इतकं हलकं वाटलं की समुद्र लागलेला माणूस म्हणून मी जे जेवण टाळलं होतं ते मागवून खाल्लं.

परत आलो तेव्हा माय झोपली होती. चारचौघांत, भर दिवसा, सावलीत, तोंड थोडं उघडं. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिला घराबाहेर झोपलेली पाहिली नव्हती. तेवढ्यात अनसूयाबाईंचे जावई खालून आले, पत्त्यांत जिंकल्याच्या खुशीत मोठ्याने काही सांगत. अनसूयाबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

"हळू बोला जावईबापू. बाई झोपल्या हायेत."

जावईबापूंनी आवाज खाली आणला. मागच्या अंगणातला भोंगा मात्र जोरात होता. अनसूयाबाई म्हणाल्या, "आन थ्या भोंग्यावाल्याले बी सांगा." जावई मुकाट्याने गेले. काय सांगितलं कोण जाणे, पण थोड्या वेळाने भोंगा खरंच बंद झाला. ओसरीत पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

दुपार उतरत होती. हिंदुस्थानचं टोक मागे टाकून बोट डावीकडे वळायला लागली, आणि त्याबरोबर मागच्या अंगाने ऊन आत येऊ लागलं. आधी शेवटच्या खुर्चीवर आलं, मग सरकत सरकत मायच्या पावलांवर. मी पुढे झालो, तिला हलवून आत घ्यावं म्हणून. अनसूयाबाईंनी मान हलवून मला जागच्या जागी थांबवलं. त्या उठल्या. आपली खुर्ची ओढली नाही, आवाज होईल म्हणून दोन्ही हातांनी उचलली. कालपर्यंत त्यांना ती हलवता येत नव्हती. ती त्यांनी मायच्या आणि उन्हाच्या मधे ठेवली. मग पाठीवर ऊन घेऊन त्या तिथे बसून राहिल्या, माय आपणहून उठेपर्यंत.